कीबोर्ड गेला असं म्हणायच्या आधी

त्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला, चुकीचा म्हणाला. परत टाकला, परत चुकीचा. तिसऱ्यांदा मी एकेक बटण मोजत दाबलं आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की बटणं मी ११ दाबतेय आणि रकान्यात ठिपके येतायत ९. पासवर्ड बरोबर होता, माझी आठवणही बरोबर होती, दोन अक्षरं वाटेतच कुठेतरी गळत होती. पासवर्डच्या रकान्याच्या शेवटी डोळ्याचं एक छोटं चित्र असतं बघा, ते माऊसने दाबून धरलं की ठिपक्यांच्या जागी खरी अक्षरं दिसतात, तर तिथे वाय आणि एन दोन्ही गायब.

दुपारपर्यंत एक मोठं काम पाठवायचं होतं आणि मशीनच्या आतच जाता येत नव्हतं, हात थंड पडले होते अक्षरशः. मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ते माणसाच्या आकृतीचं चिन्ह दिसलं, ॲक्सेसिबिलिटीचं. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि मी कधी दाबून पाहिलं नव्हतं. दाबलं, यादीतून ऑन-स्क्रीन कीबोर्ड निवडला, अख्खा कीबोर्ड स्क्रीनवर आला आणि माऊसने एकेक अक्षर क्लिक करून मी आत गेले. त्या दिवसापासून या विषयावर लिहायचं डोक्यात होतं, कारण कीबोर्ड, टचपॅड किंवा टचस्क्रीन नीट चालेना झालं की आपण लगेच "गेला!" म्हणतो, आणि बऱ्याचदा तो गेलेला नसतो, आणि खरंच गेलेला असला तरी नेमकं काय गेलंय हे घरबसल्या दहा मिनिटांत कळू शकतं.

आत गेल्यावर पहिलं काय केलं तर नोटपॅड उघडलं आणि डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत प्रत्येक बटण एकदा दाबलं. चालत नव्हती ती बटणं चार: ६, वाय, एच, एन. आता तुमच्या समोरच्या कीबोर्डकडे बघा, ही चार वरून खाली एका तिरक्या रांगेत येतात. हे बघितलं आणि मला जरा हायसं वाटलं, कारण धूळ किंवा कचरा असा रांगेत बसत नाही.

कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. शंभर बटणांना शंभर वायरी कोण ओढणार, म्हणून आत आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक बटण म्हणजे त्या जाळीतला एक छेद. आपण बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष एकमेकींना टेकतात आणि आतली चिप सतत सगळी जाळी तपासत असते तिला कळतं की अमुक ठिकाणी जोड झालाय. त्यामुळे एकच बटण बंद असेल तर दोष बहुतेक त्या बटणापाशीच असतो, खाली काहीतरी अडकलंय किंवा आतली रबराची टोपी फाटलीय. पण तीनचार बटणं एकदम गेली असतील तर ती सगळी ज्या रेषेवर आहेत ती रेष किंवा मदरबोर्डकडे जाणाऱ्या चपट्या केबलमधली ती एक तार तुटलीय किंवा सैल झालीय असं समजायला हरकत नाही. (प्रत्येक कंपनीची जाळी वेगळी असते त्यामुळे गेलेली बटणं शेजारी शेजारीच असतील असं काही नाही, कधी कधी अगदी विखुरलेली दिसतात.)

तरी खात्री करायला दोन गोष्टी केल्या. एक, यूएसबीचा साधा कीबोर्ड लावून बघितला, त्यावर चारही बटणं चालली, म्हणजे विंडोज ठीक आहे. दोन, मशीन रिस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर गेले, तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं, ड्रायव्हर नाही, सेटिंग नाही, काही नाही, आणि तिथेही ६ उमटेना. म्हणजे दोष हार्डवेअरचा, ड्रायव्हर शंभरदा टाकून उपयोग नव्हता. ही बायोसवाली चाचणी मला सगळ्यात आवडते कारण ती एका फटक्यात सांगते की कुठे शोधायचं नाही. उलट बायोसमध्ये सगळी बटणं चालली आणि विंडोजमध्ये अडली असती तर मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या जोडलेल्या भागांची यादी) जाऊन कीबोर्ड अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट केलं असतं, विंडोज तो स्वतःच परत शोधून ड्रायव्हर बसवतं.

पण त्या दिवशीचं काम मराठीत होतं, आणि तिथे खरी पंचाईत झाली. मी इनस्क्रिप्टने टाइप करते, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड आराखड्याने. इनस्क्रिप्टमध्ये एन म्हणजे ल आणि शिफ्ट धरून ळ, एच म्हणजे प आणि फ, वाय म्हणजे ब आणि भ. चार बटणं गेली म्हणजे सहा व्यंजनं गेली, वर ६ बरोबर शिफ्ट धरून येणारा त्र पण गेला, तो एक निदान त, हलन्त, र असा जोडून लिहिता येतो. बाकीच्यांचं काय करणार! बाळ, फळ, लाभ, पाऊल, भूल, काहीच लिहिता येईना. आपण किती ल आणि प वापरतो हे मला त्या दिवशी कळलं, क्रियापदं सगळी आला-गेला-केला वर संपतात.

मग ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडाच ठेवला आणि सगळं वाक्य हाताने टाइप करायचं, मध्ये ल किंवा प आला की माऊसने तेवढा क्लिक करायचा, असं करत काम पूर्ण केलं. विंडोजमध्ये भाषा मराठी केली की ऑन-स्क्रीन कीबोर्डवरची अक्षरं पण देवनागरी होतात, शिफ्ट क्लिक केलं की दुसरा संच दिसतो. ज्यांना इनस्क्रिप्ट शिकायचंय त्यांना मी हेच सांगते, स्टिकर चिकटवू नका, आठवडाभर हा कीबोर्ड स्क्रीनच्या खालच्या बाजूला उघडा ठेवा आणि त्याच्याकडे बघत खऱ्या कीबोर्डवर टाइप करा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली हा आराखडा प्रमाण केला, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एकदा बोटांत बसला की सुटत नाही.

आता तो उघडायचा कसा. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकदम दाबली की येतो, परत दाबली की जातो. ओ च चालत नसेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड. अजून एक घोळ आहे तो सांगून ठेवते, विंडोजमध्ये स्क्रीनवरचे कीबोर्ड दोन आहेत. एक हा, ज्यावर कंट्रोल, ऑल्ट, फंक्शनची बटणं सगळं असतं, आणि दुसरा टच कीबोर्ड, मोबाइलसारखा दिसणारा, टॅब्लेटसाठी केलेला, इमोजीवाला. दुरुस्तीच्या कामाला पहिलाच घ्या. त्याच्यावर एफएन क्लिक केलं की वरच्या आकड्यांच्या जागी एफ१ ते एफ१२ येतात, आणि ऑप्शन्समध्ये जाऊन आकड्यांचा वेगळा पॅड पण चालू करता येतो, पुढचा शब्द सुचवण्याची सोय पण तिथेच आहे. मॅकवर ऑप्शन, कमांड आणि एफ५ दाबलं की ॲक्सेसिबिलिटीच्या सोयींची यादी येते त्यात ॲक्सेसिबिलिटी कीबोर्ड आहे. लिनक्सवर ग्नोम असेल तर लॉगिनच्या पडद्यावरच ॲक्सेसिबिलिटीच्या मेनूत स्क्रीन कीबोर्ड मिळतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे आज, सगळं धडधाकट असताना एकदा उघडून बघा.

आणि तो तपासणीलाही कामाला येतो. ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा ठेवून खरं बटण दाबलं की स्क्रीनवरचं तेच बटण उजळतं. मॅकवरच्या कीबोर्ड व्ह्यूअरमध्येही तसंच. याचा खरा फायदा अडकलेल्या बटणांना. एका मैत्रिणीचा फोन आला होता, म्हणाली माझ्या लॅपटॉपला काहीतरी झालंय, एस दाबलं की सेव्हची खिडकी येते, पी दाबलं की प्रिंट, आणि वरखाली स्क्रोल केलं की अक्षरं लहानमोठी होतात. व्हायरस आला असेल म्हणून बिचारी घाबरली होती. तिला म्हटलं ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघड आणि हात न लावता नुसतं बघ. "अगं, इथे कंट्रोल पांढरं दिसतंय, मी तर हातच लावला नाहीये!" डाव्या कंट्रोलच्या कडेला काहीतरी अडकून ते खाली दबलेलंच राहिलं होतं. लॅपटॉप बंद करून, उलटा धरून हलक्या हाताने थोपटला, हवेच्या डब्याने फुंकर मारली, सुटलं.

यानंतर बाबांचं सांगायलाच हवं, कारण त्यांच्यामुळे मी या सगळ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

एकदा माझ्या मशीनवर अचानक टाइप होईना झालं, म्हणजे बटण नेहमीसारखं दाबलं तर काहीच नाही, दाबून धरलं तर मग अक्षर यायचं. मी कीबोर्ड बदलायच्या तयारीत होते. नंतर कळलं की उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की विंडोज फिल्टर कीज नावाची सोय चालू करायची का विचारतं, मी विचार करताना बोट शिफ्टवर टेकवून बसले होते आणि समोर आलेल्या खिडकीला न वाचता होय म्हटलं होतं. असंच शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज विचारतं. मी सगळं बंद केलं आणि विसरून गेले.

काही महिन्यांनी बाबांच्या हाताला कंप सुरू झाला. ते रोज काही ना काही लिहिणारे, जुन्या मित्रांना लांबलचक मेल पाठवणारे. एकदा म्हणाले, "अगं, एकदा दाबतो तर चारदा उमटतंय, हा कीबोर्ड खराब झालाय, नवीन बघूया." मी शेजारी बसून बघितलं. कीबोर्ड ठीक होता. बोट बटणावर टेकायचं, थरथरायचं, आणि प्रत्येक थरथरीला एक अक्षर पडायचं. स्क्रीनवर ततततर असं दिसत होतं आणि ते मागे जाऊन एकेक त खोडत होते, न चिडता, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं. तेव्हा ते फिल्टर कीज आठवलं. त्याच्यात बाउन्स कीज म्हणून एक भाग आहे, एकदा बटण दाबलं की तेच बटण लगेच परत दाबलं गेलं तर ते धरायचंच नाही, मी वेळ अर्धा सेकंद ठेवला. "बाबा, आता लिहून बघा तुम्ही." त्यांनी 'तर' हा शब्द लिहिला. एकच त आला. मग पुढचा शब्द, मग अख्खी ओळ. "काय केलंस?" एवढंच म्हणाले आणि लिहीत राहिले. एकच अक्षर खरंच दोनदा हवं असेल तर मध्ये जरा थांबावं लागतं, ते त्यांना दोन दिवसांत जमलं.

माझ्यासाठी जो बिघाड होता तीच त्यांच्यासाठी सोय होती, म्हणून मी आता कुणी कीबोर्ड विचित्र वागतोय म्हटलं की आधी सेटिंग बघते. अजून असे दोनतीन प्रकार पटकन सांगते. छोट्या लॅपटॉपवर यू आय ओ दाबलं की ४ ५ ६ येतात, तर नम लॉक चालू आहे. शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲटच्या जागी अवतरण चिन्ह येतं, तर कीबोर्डचा आराखडा अमेरिकनऐवजी ब्रिटिश झालाय, आणि हे पासवर्ड टाकताना झालं तर माणूस वेडा होतो कारण तिथे ठिपकेच दिसतात, लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं ते बघत चला. वायरलेस कीबोर्ड अक्षरं गाळत असेल तर बॅटरी बदला, आणि तरी गाळत असेल तर त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टपासून लांब लावा, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो आणि रिसीव्हरही तिथेच ऐकत असतो. छोटीशी एक्स्टेन्शन वायर लावली तरी फरक पडतो.

टचपॅडचं तसं थोडक्यात आटपतं. अजिबात चालत नसेल तर आधी फंक्शनच्या रांगेत टचपॅडचं चित्र असलेलं बटण शोधा, ते चुकून दाबलं गेलेलं असतं. मग माऊस लावलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही अशी एक सेटिंग असते, ती बघा, माऊसचा रिसीव्हर मागे लावलेला विसरलेला असतो आणि माऊस खणात. कर्सर उड्या मारत असेल तर हात पुसा, टचपॅड पुसा, आणि चार्जर काढून बघा. चार्जर काढल्यावर शांत झाला तर दोष चार्जरमधून किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटमधून येणाऱ्या विजेच्या गोंगाटाचा आहे. माऊस नसताना हे सगळं करायचं असेल तर विंडोज आणि एक्स दाबून मेनू येतो, टॅब आणि बाणांनी फिरायचं, शिफ्ट आणि एफ१० म्हणजे राइट क्लिक.

एक गोष्ट मात्र थोडक्यात आटपून चालणार नाही. टचपॅड क्लिक होताना घट्ट लागायला लागला, किंवा मधून वर आल्यासारखा वाटला, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगायला लागला तर ती खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा ड्रायव्हर वगैरे काही नाही. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, टोकदार काही घालू नका, आणि बॅटरी बदलणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या. लिथियमची बॅटरी पेट घेते.

टचस्क्रीनला आपलं बोट कळतं ते विजेमुळे, दाबामुळे नाही. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडची पारदर्शक जाळी असते, बोट जवळ आलं की तिथली कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता, बदलते. ब्रिटनमधल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी कपॅसिटन्सवर चालणारा टच पडदा १९६५ सालीच मांडला होता, विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी. म्हणून साधे हातमोजे घातले की चालत नाही, पाण्याचा थेंब बोट समजला जातो, आणि चार्जर खराब असेल तर इथेही भुताटकी सुरू होते, कुणी हात लावलेला नसताना ॲप उघडतात. ओला असेल तर कोरडा करा, चार्जर काढा, जाड किंवा कडेने सुटलेला स्क्रीनगार्ड काढून बघा, या तिन्हीत बऱ्याच भुतांचा निकाल लागतो. लॅपटॉपचा टचस्क्रीन ऐकतच नसेल आणि काम तर करायचंय, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ह्युमन इंटरफेस डिव्हाइसेसखाली टचस्क्रीनचं नाव असतं, ते डिसेबल करा, कीबोर्ड आणि माऊस चालूच राहतात.

अँड्रॉइड फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये पॉइंटर लोकेशन चालू केलं की बोट फिरेल तशी रेघ उमटते. सगळा पडदा घासून काढल्यासारखं बोट फिरवायचं, जिथे रेघ तुटते तिथे पडदा बहिरा. माझ्या जुन्या फोनवर खालून एक बारीक आडवी पट्टी अशी निघाली, बरोबर कीबोर्डच्या मधल्या रांगेवर. फोन आडवा केला की कीबोर्ड दुसऱ्या कडेला जातो आणि ती अक्षरं जिवंत होतात, किंवा कीबोर्ड तरंगता करून वर सरकवायचा. तसा तो फोन मी बरेच दिवस वापरला. पडद्याला स्पर्श कळणं पूर्णच बंद झालं असेल तर ओटीजीने (फोनला यूएसबीची वस्तू जोडणारी छोटी जोडणी) माऊस लावा, बाण येतो, निदान फोटो आणि नंबर बाहेर काढता येतात. आणि फोन एका टॅपला नुसती चौकट दाखवतोय, दोनदा टॅप केल्यावरच उघडतोय, स्क्रोलला दोन बोटं लागतायत, तर पडदा ठणठणीत आहे, टॉकबॅक चालू झालंय, म्हणजे न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारी सोय.

एवढं लिहिल्यावर कुणीतरी विचारणारच की ऑन-स्क्रीन कीबोर्डने पासवर्ड टाकला की तो चोरीला जात नाही ना. यावर फार विसंबू नका. काही की-लॉगर (दाबलेली बटणं चोरून नोंदवणारे प्रोग्राम) चुकतात, पण स्क्रीनचे फोटो काढणारे, क्लिकवर नजर ठेवणारे प्रोग्रामही असतात. शंका असलेल्या मशीनवर पासवर्ड टाकूच नये.

माझा कीबोर्ड शेवटी बदलावा लागला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने माझ्यासमोर खालचं झाकण उघडलं, चपटी केबल खाचेतून सोडवली आणि दिव्याखाली तिरकी धरून मला दाखवली. ओळीने सोनेरी रेघा, आणि त्यातली एक टोकाला काळपट. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तेवढं टोक पुसलं, केबल परत सरळ बसवली, कुलूप दाबलं. मी मशीन चालू केलं, मराठी निवडलं आणि पहिला शब्द लिहिला बाळ. मग फळ, मग लाभ, मग नुसतंच ललललल, कितीतरी वेळ.

बाबांना त्या संध्याकाळी हे सगळं सांगितलं. त्यांच्या स्क्रीनवर आता ऑन-स्क्रीन कीबोर्ड कायम उघडा असतो, हाताला फार त्रास असेल त्या दिवशी ते बटणांना हातच लावत नाहीत, त्यात होव्हर म्हणून पर्याय आहे तो मी चालू करून दिलाय, बाण अक्षरावर नेऊन नुसतं थांबायचं, क्लिकही करावं लागत नाही, किती वेळ थांबायचं ते ठरवता येतं. आम्ही हळूहळू कमी करत आणला तो वेळ. परवा त्यांनी मित्राला लिहिलेला मेल मला वाचायला दिला, दीड पानाचा होता, एक अक्षर जास्तीचं नव्हतं.